आठव्या कप्प्यातल्या माई

केतकी गुंजाळ कामसू आहे, याबद्दल ‘जलरेखा’च्या नाशिक कचेरीत कुणाचं दुमत नव्हतं. तिचं कुठलं काम पुरं होतं का, याबद्दल मात्र लोक हळू आवाजात बोलत. तिच्या दिवसाचा जमाखर्च मांडला असता, तर जमेच्या बाजूला सकाळपासून हाती घेतलेली सगळी कामं दिसली असती आणि खर्चाच्या बाजूला तीच सगळी, अर्धी सोडलेली. तिच्या कामात व्यत्यय येई असं म्हणणंसुद्धा बरोबर नव्हतं. व्यत्यय चालू असत, त्यात मधूनमधून काम येई.

‘जलरेखा’ ही लहान गावांच्या नळपाणी योजना आखून देणारी कंपनी, आणि केतकी तिथं आराखडा विभागाची प्रमुख. ती पाइपांच्या व्यासाचं गणित मांडायला बसली, की कुणीतरी दारातून डोकं आत घालून म्हणे, “मॅडम, दोनच मिनिटं.” ही दोन मिनिटं मागणारी माणसं मोठी प्रामाणिक असतात, ती खरंच दोन मिनिटांत जातात. जाताना पुढचा अर्धा तास बरोबर घेऊन जातात, एवढंच. मग केतकी पडद्याकडे बघत बसे, आपण कुठं होतो ते आठवत. तोवर मेल येई. मेलला उत्तर लिहिताना बिल आठवे. संध्याकाळी ती इतकी दमलेली असे, की आज काय केलं हे नवऱ्याला सांगण्याइतकंही तिच्याजवळ काही नसे. आणि पाइपांचं गणित आपसूक सुटू लागे ते नेमकं वरणभात वाढताना. तेव्हा मयूरेश काही सांगत असला, तर ती “हं” म्हणे. मयूरेश कॉलेजात इतिहास शिकवायचा. न ऐकणाऱ्यांपुढे बोलायची त्याला सवय होती, पण तिथं त्याचा पगार मिळे.

अशा या घरात आणि कचेरीत गंधखूण आली.

माणसाला कामावरून उठवलं, की नुसता माणूस उठत नाही. आकडे, अंदाज, पुढची पायरी, मागची शंका असा सगळा पसारा त्यानं डोक्यात मांडलेला असतो. फोन वाजला की तो मोडतो आणि परत आल्यावर पहिल्यापासून मांडावा लागतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी यावर वेगळ्या वाटेनं विचार केला. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं, तिथून त्याची पुढे वाटणी होते. वासाला ती चौकी नाही. नाकातून निघालेला निरोप जवळजवळ थेट आठवणींच्या आणि भावनांच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून तर कोऱ्या वहीचा वास आला, की चाळिशीचा माणूस क्षणात चौथीच्या वर्गात जाऊन बसतो. वासानं अख्खा वर्ग परत येत असेल, तर मोडलेलं काम का येऊ नये?

गंधखूण म्हणजे कॉलरला लावायची, बिल्ल्याएवढी डबी. आत आठ कप्पे आणि प्रत्येकात भाजल्या मातीची एक सच्छिद्र वात, वेगवेगळ्या वासात मुरलेली. कानाच्या पाळीला एक मणी लावायचा. आपण कामात नीट बसलो, की रक्ताच्या लयीवरून मण्याला ते कळे आणि त्या कामाचा कप्पा किंचित उघडे. वास इतका पुसट, की शेजारच्याला येऊ नये. कामावरून उठलात की कप्पा बंद. परत आलात की तोच वास, आणि त्यामागून मोडलेला सगळा पसारा, जिथल्या तिथं. दोनतीन आठवड्यांत वासाची आणि कामाची गाठ पक्की बसे. हे वास जगातल्या कशाचेच नव्हते, मुद्दाम तसे बनवलेले, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आठवणीनं मध्ये तोंड घालू नये. नियम एकच होता. एका वासाला एकच काम.

केतकीनं कप्पे वाटले. एक दाभेगावच्या पाणी योजनेला, एक निविदांना, एक बिलांना, एक मेलना, एक बैठकांना, एक हाताखालच्यांच्या शंकांना, एक नव्या गावांच्या पाहणीला. आठवा उरला. तो तिनं घराला दिला.

फळ लगेच दिसलं. कुणी दोन मिनिटं मागितली, तर ती हसून देई आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा तिच्या गणितात असे, त्याच ओळीवर. ‘जलरेखा’चे संचालक सबनीस साहेब दर शनिवारी सगळ्यांचा अखंडांक पडद्यावर दाखवत. कोण किती सलग कामात राहिलं, त्याचा हा आकडा गंधखूणच मोजून देई. केतकीचं नाव सगळ्यांत वर असे. सबनीसांनी आयुष्यात फार थोड्या गोष्टींवर प्रेम केलं होतं, त्यांत तक्ते पहिले.

घरीही चांगले दिवस आले. दारात पाऊल टाकलं की आठवा कप्पा उघडे, आणि केतकी खरोखर घरी येई. मयूरेशनं एकदा सहज प्राचार्यांबद्दलची तक्रार सांगितली, तर तिनं उलट तीन प्रश्न विचारले. तो बिचारा गांगरला. इतक्या तपशिलाची त्याची तयारी नव्हती.

याचा सगळ्यांत जास्त लाभ झाला माईंना. माई म्हणजे मयूरेशची आई, शैलजा गुंजाळ, दाभेगावच्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ज्या दाभेगावची योजना केतकी आखत होती, तेच गाव. माई तिथं वरच्या आळीत स्वतःच्या हौसेनं एकट्या राहत, आणि रोज संध्याकाळी फोन करत. पूर्वी केतकी दोन वाक्यांत फोन मयूरेशकडे देई. आता ती तक्क्याला टेकून बसे आणि माई वर्ग घेत.

“तुला सांगते केतकी, शाल सुती! जुन्या शाळेची इमारत यंदा नगरपंचायतीच्या ताब्यात दिली ना, त्याचा समारंभ. पाऊण तास भाषणं, आणि मला शाल दिली ती सुती. मी म्हटलं, अहो, ही टेबलावर घाला.”

“असं म्हणालात तुम्ही?”

“मनात म्हणाले. तोंडानं आभार मानले. सभ्य बाई आहे मी.”

केतकी खळखळून हसे. मग माई शाळेच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर येत. ती त्यांनी मुलींसाठी भांडून बांधून घेतली होती, शाळा हलल्यापासून कोरडी पडली होती, आणि या पराक्रमाची कथा त्या दर चारपाच दिवसांनी नव्यानं सांगत. मग वरच्या आळीचं गाऱ्हाणं. गावात टँकर येतो तो खालच्या चौकात. वरच्या आळीनं हंडे चढवायचे. “आता तुमचे नळ येतायत ते ठीक. पण पाणी पहाटेचं सोडू नका बाई. आमच्याकडच्या बायका पाचला पॅकहाउसच्या गाडीत बसतात, द्राक्षं भरायला. घरात उरतात म्हातारी आणि झोपलेली पोरं. आणि या घरांवर टाक्या नाहीत, हे तुला ठाऊकच आहे.”

“खरंय माई. हे बघायलाच हवं.”

ती हे मनापासून म्हणे. फोन ठेवल्यावर स्वतःसाठी दोन ओळींची टीपही लिहून ठेवी. दुसऱ्या दिवशी कचेरीत दाभेगावचा कप्पा उघडे, टीप समोर येई, आणि केतकी ती वाचून ‘आलेल्या सूचना’ या सदरात नीट टाकून देई, तिसाव्या सूचनेखाली.

इथं गंधखुणेचा एक गुण लक्षात घ्यायला हवा, जो तिच्या जनकांच्याही उशिरा लक्षात आला. एका कप्प्यातली माहिती दुसऱ्या कप्प्यात यायला काही अडचण नव्हती. माणूस विसरत नसे. पण वास थेट भावनेच्या दारातून आत जात असल्यामुळे, कुठली गोष्ट किती महत्त्वाची हे मात्र त्या त्या वासाशीच बांधलं जाई. माहिती उंबरा ओलांडून येई, तिचं वजन मागं राही. घरी जी माईंची कळकळ होती, ती दाभेगावच्या फायलीत ‘एका ज्येष्ठ नागरिक महिलेची वेळेबाबत सूचना’ होऊन बसली. आणि फायलीत वजन कशाला होतं? विजेला. विजेचा दर तासागणिक बदले, पहाटे सहापर्यंत तो सर्वांत कमी. वरच्या आळीला पाणी चढवायला पंप लागतो. म्हणजे वरच्या आळीला पहाटे पाच. गणित निर्दोष होतं.

थोडी कुणकुण मयूरेशला लागली होती. एकदा दुपारी त्यानं फोन केला तेव्हा केतकी निविदांच्या वासात होती.

“अगं, माईंचा गुडघा पुन्हा धरलाय. येताना तो गुडघ्याचा पट्टा आणशील का?”

“आपली मागणी लेखी पाठवा. छाननी करून कळवते.”

“केतू, मी बोलतोय.”

“हो, कळलं की. लेखीच पाठवा.”

त्यानं लेखी पाठवलं. ‘विषय: गुडघ्याचा पट्टा. अर्जदार: नवरा.’ संध्याकाळी पट्टा आला, पावतीसकट. तो हसला खरा, पण पावती बराच वेळ हातात धरून बसला.

मग दाभेगावच्या चौकात प्रस्तावित वेळापत्रक लागलं, आणि त्या संध्याकाळी माईंचा फोन आला तो मयूरेशला.

“तुझ्या बायकोला दे.”

केतकीनं फोन घेतला. “बोला माई.”

“मी कशाला बोलू? महिनाभर बोलले की. वरच्या आळीला पाच वाजता. पाच! मी सांगत होते तेव्हा तू काय करत होतीस?”

“ऐकत होते माई. खरंच ऐकत होते.”

“तेच म्हणते मी. पूर्वी तू ऐकत नव्हतीस, तेव्हा मला राग नव्हता. बाई कामात आहे, म्हणायचे. आता नीट ऐकतेस, वर प्रश्न विचारतेस, हसतेस, आणि करतेस ते तुझंच. त्यापेक्षा ते ‘हं’ बरं होतं गं.” माईंचा आवाज जरा खाली आला. “दसऱ्यानंतर मंगळवारी सुनावणी आहे ना? मी उभी राहणार आहे. वरची आळी माझ्या बाजूनं आहे. ही योजना मी पाडणार.”

“माई, योजना परत गेली तर नव्यानं पाहणी, नव्यानं मंजुरी. आणखी दोन उन्हाळे टँकर.”

“मग टँकर. तो निदान संध्याकाळी येतो.”

फोन बंद झाला. घरच्या वासात बसलेल्या केतकीला सगळं लख्ख दिसत होतं. माईंचं बरोबर होतं, पाच ही वेळ क्रूर होती, आणि ती वेळ तिनं स्वतःच्या हातानं लिहिली होती. ती मयूरेशला म्हणाली, “उद्या बदलते.”

“उद्या तू कचेरीत असशील,” तो म्हणाला.

त्यानं ते टोमण्यात म्हटलं होतं, पण निघालं खरं. दुसऱ्या दिवशी कप्पा उघडला आणि तिच्या मनात आलं ते असं, की एका सूचनेपायी अख्ख्या गावाचं विजेचं गणित बिघडवणं धंद्याला धरून नाही. संध्याकाळी घरी ती रडली. सकाळी कचेरीत आपण काल का रडलो याचं तिला सौम्य आश्चर्य वाटलं. असे तीनचार दिवस गेले. एका देहात दोन बायका राहत होत्या, दोघी भल्या, आणि त्यांची ओळख नव्हती.

अशात आली खंडेनवमी. ज्यावर आपलं पोट चालतं त्या हत्यारांची पूजा करायचा दिवस. ‘जलरेखा’त दरवर्षी संगणकांना हळदकुंकू लागे आणि छपाईयंत्राला झेंडूचा हार. यंदा कचेरीची व्यवस्था पाहणारे वाघचौरे म्हणाले, “संगणकांना काय ओवाळायचं? कामं कोण करतंय? ही चिमुरडी.” त्यांनी सगळ्यांच्या कॉलरवरच्या गंधखुणा काढून घेतल्या, पाटावर लाल कापड घालून ओळीनं मांडल्या, झाकणं उघडून प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलं. निरांजन विझू नये म्हणून खिडक्या आणि पंखे बंद केले. मग ऊद आणि राळ घालून असा धूप पेटवला, की सबनीस साहेबांना तक्त्यावरची नावं दिसेनात.

“वाघचौरे, बास आता!”

“साहेब, फोटोत धूर छान येतो.”

माहितीपुस्तिकेत ‘तीव्र वासांपासून दूर ठेवा’ असं ठळक छापलं होतं, आणि ते सगळ्यांनी वाचलंही होतं. पण पूजेचा धूप हा तीव्र वास असतो, असं त्यांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. भाजल्या मातीच्या त्या सच्छिद्र वाती दसऱ्याच्या सुट्टीचे दोन दिवस बंद खोलीत धूर पीत राहिल्या. धुरानं त्यांचे मूळ वासही उसवले आणि एकमेकांत शिरले.

सोमवारी कचेरी भरली आणि काही वेळातच कचेरीत चमत्कारिक आवाज येऊ लागले. बिलं तपासणाऱ्या गृहस्थांनी एका कंत्राटदाराला फोनवर “जेवलास का रे?” असं विचारलं, आणि तो कंत्राटदार म्हणे हेलावला. कुणी घरच्या किराणा सामानाची निविदा काढली. सबनीस स्वतः भर बैठकीत कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला फोन लावून बसले. कुठलाही कप्पा उघडला तरी एकच वास, धूप आणि खाली आठांची खिचडी, आणि त्यामागून सगळी कामं एकदम, जत्रेतल्यासारखी.

केतकीनं दाभेगावची फाइल उघडली. पाइपांचे व्यास आले, त्यांच्या मागून माई आल्या, मयूरेशच्या हातातली ती पावती आली, पहाटेच्या अंधारात गाडीची वाट पाहणाऱ्या बायका आल्या. तिनं डबी काढून ठेवली. मग तर काहीच येईना. इतक्या महिन्यांनी डोकं वासाविना चालायचंच विसरलं होतं.

पुण्याला फोन झाले. नव्या वाती शुक्रवारी येणार होत्या. सुनावणी उद्या.

“पुढे ढकलू या,” सबनीस म्हणाले. “या अवस्थेत तुम्ही लोकांसमोर काय बोलाल?”

“दोनदा ढकललीय साहेब. तिसऱ्यांदा ढकलली, तर लोक आपली वाट बघणार नाहीत, टँकरची बघतील. मी जाते.”

मंगळवारी सकाळी ती निघाली. बरोबर तन्वीर शेख, तिच्या हाताखालचा तरुण अभियंता. गाडी महामार्गावर आपली आपण चालत होती. केतकीनं डबी कॉलरला लावली, झाकण उघडं ठेवलं आणि म्हणाली, “येऊ दे सगळे.”

“कोण सगळे, मॅडम?”

“तू नकाशा काढ.”

तिनं फाइल वाचायला घेतली. दर ओळीला मन कुठंतरी भरकटे. पूर्वी तिनं स्वतःला दटावलं असतं, आता तेवढीही ताकद नव्हती. ती वाचत होती आणि माई कानात बोलत होत्या, वरच्या आळीबद्दल, गुडघ्याबद्दल, त्या शालीबद्दल. सुती शाल. टेबलावर घालायची शाल. तिला हसू आलं. आणि हसता हसता ती थांबली.

“तन्वीर, शाळेच्या टेकडीवर एक टाकी आहे. आपल्या नकाशात आहे का?”

“आहे की. पण राखाडी.”

“राखाडी का?”

“शिक्षण खात्याची. आपल्याला वापरता येत नाही म्हणून तुम्हीच राखाडी करायला सांगितलीत.”

“ती आता शिक्षण खात्याची नाही. इमारत आवारासकट नगरपंचायतीला दिली, यंदाच. सासूबाईंना शाल मिळाली त्या समारंभात.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“घरी माहीत होतं,” केतकी म्हणाली. तिला ते ऐकायला इतकं विचित्र वाटलं, की तिनं ते पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. “टाकीच्या तळाची उंची बघ. आणि वरच्या आळीतल्या सर्वांत उंच नळाची.”

तन्वीरनं बोटांनी नकाशा ताणला. “टाकी वर आहे. चांगलीच वर. मॅडम, रात्री स्वस्त विजेवर पाणी टाकीत चढवून ठेवलं, तर संध्याकाळी पंप लागतच नाही. उतारानं येईल.”

“बायका पॅकहाउसमधून परत आल्यावर.”

“हे आपल्याला आधी का नाही सुचलं?”

“अर्धं मला सुचलं होतं आणि अर्धं केतकीला,” ती म्हणाली. तन्वीरला यातलं काही कळलं नाही, पण तो गणिताला लागला होता.

दाभेगावचं सभागृह भरलं होतं. कामाचा दिवस बुडवून आलेल्या वरच्या आळीच्या बायका एका बाजूला, आणि त्यांच्या पुढच्या रांगेत गुडघ्याला पट्टा बांधून माई. सुनावणीचे अधिकारी म्हणाले, आक्षेप असतील त्यांनी बोलावं. माई उभ्या राहिल्या.

“मी शैलजा गुंजाळ. समोर बसलेल्या बाई माझ्या सूनबाई आहेत. हे मी आधीच सांगते, नाहीतर मागून कुणीतरी सांगेल.” हशा झाला. “त्या हुशार आहेत. पण ही योजना ज्यांच्यासाठी आहे, त्यांना घरी नसताना पाणी देणारी आहे. नळाखाली हंडा कोण लावणार? बिबट्या?”

वरच्या आळीनं टाळ्या वाजवल्या. केतकी उठली. तिनं बोलायचं ठरवलेलं नीट आठवेना. एकावर एक आकडे आणि माणसं येत होती. ती म्हणाली, “पाचची वेळ चूक आहे. मला ती चूक आहे हे सांगितलं गेलं होतं, एकदा नाही, महिनाभर. वेळापत्रक मी मागं घेते.”

भांडायला आलेल्या माणसांची यानं फारच पंचाईत होते.

“मग पाणी कधी?” मागून एकीनं विचारलं.

“संध्याकाळी सहाला. टेकडीवरच्या शाळेच्या टाकीतून.”

माई अजून उभ्याच होत्या. “ती टाकी कोरडी आहे.”

“रात्री भरायची, माई.”

“तिला भेगा असतील. पंचवीस वर्षांची आहे.”

“असतील. तपासायला लागेल. भेगा निघाल्या तर बुजवाव्या लागतील, आणि तोवर आम्ही पाणी सुरू करणार नाही. हे मी लिहून देते.”

“आणि हे टाकीचं तुला कुणी सुचवलं?” माईंनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं.

“तुम्ही.”

“मी? मी तुला टाकी बांधल्याची गोष्ट सांगितली. पाण्याचं कुठं म्हणाले?”

“पाण्याचं माझ्याकडे होतं.”

माईंनी तिच्याकडे काही वेळ पाहिलं. उत्तर बरोबर आहे, पण पोरीनं कुणाचं बघून तर लिहिलं नाही ना, अशा नजरेनं. मग त्या मागं वळल्या आणि वरच्या आळीला म्हणाल्या, “सहा चालेल का गं?”

तिथं बराच गलका झाला. एकीला साडेसहा हवे होते, तिच्या नणंदेला पावणेसहा. शेवटी सहाच ठरले, आणि टाकीची तपासणी होईल या अटीवर योजना मंजूर झाली. माईंनी अटीखाली साक्षीदार म्हणून सही केली, आणि सही करताना अटीतली भाषाही सुधारली.

जेवायला केतकी माईंकडे गेली. पिठलं-भाकरी वाढता वाढता माईंनी तिच्या कॉलरकडे बोट केलं.

“हे काय आहे? धुपाचा वास येतोय.”

केतकीनं सगळं सांगितलं, कप्पे, वाती, आठवा कप्पा.

“म्हणजे मी डबीत होते?”

“हो.”

“एकटीच?”

“तुम्ही आणि मयूरेश.”

“त्याला तरी दुसरी डबी द्यायचीस,” माई म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तिनं नको म्हटलं होतं. माईंनी ते ऐकलं नाही. ऐकण्याच्या बाबतीत सासूच्या आणि सुनेच्या खात्यावर आता बरीच बरोबरी झाली होती.

शुक्रवारी पुण्याहून प्रयोगशाळेची एक मुलगी नव्या वाती घेऊन आली. वाघचौरे दिसताच ती हसू दाबून म्हणाली, “पूजा आम्हीपण करतो काका. पण काचेच्या कपाटाबाहेरून.” मग ती केतकीच्या टेबलाशी बसली. “पूर्वीचेच आठ भरू ना?”

“तीन भर. बिलं, निविदा, पाइपांचं गणित. बाकीचे कोरडे ठेव.”

“घराचापण? घराचा तर सगळ्यांना आवडतो.”

“मलाही आवडायचा. पण त्यातलं बाहेर यायचं नाही.” केतकीनं जरा विचार केला. “ज्या कामात नुसते आकडे आहेत, त्याला वास दे. माणसं आहेत त्याला नको.”

“पाणी योजनेत माणसं कुठं, मॅडम? पाइप असतात ना?”

“पाइपाच्या दुसऱ्या टोकाला असतात.”

मुलीनं हे आपल्या टॅबवर लिहून घेतलं. पुढं त्याचं प्रयोगशाळेत काय झालं ते ठाऊक नाही. पण गंधखुणेच्या पुढच्या आवृत्तीत कप्पे पाचच होते एवढं खरं.

केतकीचा अखंडांक घसरला. दोन मिनिटं मागणारे पुन्हा अर्धा तास नेऊ लागले. ती सकाळचे दोन तास दार लावून गणिताला बसू लागली आणि उरलेला दिवस येणाऱ्याजाणाऱ्यांना मोकळा ठेवू लागली. एका शनिवारी सबनीसांनी तिचं नाव तक्त्यात खाली पाहिलं आणि चहा घेतला नाही. पुढच्या काही आठवड्यांत दुसऱ्या दोन गावांच्या योजना लोकांच्या सभांतून परत आल्या, आणि त्या आखणाऱ्यांचे अखंडांक उत्तम होते. त्यानंतर तक्ता आपोआप दिसेनासा झाला. सबनीस एवढंच म्हणाले, “पडदा बिघडलाय.” तो अजून दुरुस्त झालेला नाही.

वरणभात वाढताना गणित पुन्हा सुटू लागलं. फरक एवढा, की आता ती थांबून म्हणे, “मयूरेश, मिनिटभर थांब, एक पाइप आलाय.” तो थांबे. पाइप गेला की ती विचारी, “हं, मग प्राचार्य काय म्हणाले?” कधी विसरेही. मग तो ते लेखी पाठवी, विषय आणि अर्जदारासकट, आणि दोघं हसत.

टाकीला दोन भेगा निघाल्या. त्या बुजवायला अख्खा हिवाळा गेला, आणि त्या काळात माईंनी कचेरीत भर दुपारी इतके फोन केले, की ठेकेदारापेक्षा त्यांचीच देखरेख जास्त झाली. उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी केतकी निविदांच्या वासात बसली होती. निविदा भरायची वेळ संपत आली होती, टेबलाभोवती चार माणसं तिच्या उत्तरासाठी उभी होती. फोन वाजला. तिनं उचलला.

“केतकी, ऐक,” माई म्हणाल्या.

पलीकडे आधी नळातून नुसती हवा सूं सूं करत होती. मग पाण्याची पहिली उचकी आली, दुसरी आली, आणि मग धार लागली, पितळी हंड्याच्या तळावर, दणदणीत.

“येतंय का ऐकू?”

“येतंय माई. दाब कसा आहे?”

“हंडा थरथरतोय. थांब, दुसरा लावू दे.”

माईंनी फोन कट्ट्यावर ठेवला आणि त्या हंड्याकडे गेल्या. फोन चालूच राहिला. आळीत दारं उघडत होती. कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, एक लहान मूल आनंदानं किंचाळत होतं, आणि दोन बायका पहिला नंबर कुणाचा यावरून भांडायला लागल्या होत्या. मधूनच माईंचा आवाज आला, “गप्प बसा गं, सगळ्यांना आहे!”

“मॅडम, निविदा,” तन्वीर हळूच म्हणाला.

“हो, वाच पुढं,” केतकी म्हणाली. तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर कागदांच्या मधोमध ठेवून दिला. तन्वीरनं आकडे वाचायला सुरुवात केली, जरा मोठ्या आवाजात, पाण्याच्या वरून ऐकू जावेत म्हणून.